स्वतःचा बँडगॅप रेफरन्स चिपवर उतरवताना

ॲनालॉग सिग्नलचे आकड्यात रूपांतर करायचे असो, बॅटरीचे चार्जिंग कोठे थांबवायचे हे ठरवायचे असो किंवा रेग्युलेटरमधून नेमके ३.३ व्होल्ट काढायचे असोत, चिपच्या आत कोठेतरी एक स्थिर व्होल्टेज असावे लागते आणि बाकीचे सारे त्याच्याशी ताडून पाहिले जाते. हे व्होल्टेज देणाऱ्या सर्किटला व्होल्टेज रेफरन्स म्हणतात आणि सीमॉस चिपमध्ये (आजच्या बहुतेक चिप्स याच तंत्राने बनतात) ते बहुधा बँडगॅप प्रकारचे असते. जुलै २०२३ ते जून २०२५ या काळात असे एक सर्किट मी कागदावरच्या गणितापासून हातात आलेल्या सिलिकॉनच्या मोजमापापर्यंत नेले. मी सोलापूरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. आमच्याकडे चिप डिझाइनची परंपरा नव्हती, महागडी सॉफ्टवेअर नव्हती आणि विचारायला जवळ कोणी अनुभवी माणूसही नव्हता. अशाच ठिकाणी बसून हे काम करू पाहणाऱ्यांसाठी ते कोणत्या क्रमाने झाले, कोठे थांबले आणि किती पैसे लागले हे लिहून ठेवत आहे.

पहिला प्रश्न चिप कोणत्या प्रक्रियेवर बनवायची हा होता. फॅबचे, म्हणजे चिप बनवणाऱ्या कारखान्याचे, नियम आणि ट्रान्झिस्टरची मॉडेल्स ज्यात असतात त्या संचाला पीडीके म्हणतात आणि तो मिळवण्यासाठी सहसा संस्थेच्या पातळीवर गोपनीयता करार करावा लागतो. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या स्कायवॉटर या फॅबचा १३० नॅनोमीटर प्रक्रियेचा पीडीके मात्र २०२० साली गूगलच्या सहकार्याने सर्वांसाठी खुला झाला. तो उतरवून घ्यायला सही लागत नाही आणि त्यातील आकडे विद्यार्थ्यांसमोर फळ्यावर मांडता येतात, हे शिक्षक म्हणून मला फार मोलाचे वाटले. ज्यांचे महाविद्यालय केंद्र सरकारच्या 'चिप्स टू स्टार्टअप' योजनेत आहे, त्यांनी सी-डॅकच्या बेंगळुरू येथील चिपइन केंद्रामार्फत मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटरवर चिप बनवून घेण्याची वाट आधी तपासावी. आमचे महाविद्यालय त्या योजनेत नव्हते, म्हणून मी खुला पीडीके आणि एकाच वेफरवर (सिलिकॉनच्या चकतीवर) अनेकांच्या रचना बसवणारे परदेशी शटल, हा मार्ग धरला. सर्किट काढायला एक्सस्कीम, सिम्युलेशनला एनजीस्पाइस, लेआउटला, म्हणजे चिपवरचे प्रत्यक्ष आकार आखायला, मॅजिक व केलेआउट आणि लेआउट सर्किटशी जुळतो का हे पाहायला नेटजेन अशी सगळी साधने विनामूल्य मिळाली. ती बसवताना आवृत्त्या एकमेकींशी जुळवण्यात बराच वेळ जातो. सगळे तयार बसवलेले सॉफ्टवेअर कंटेनर मिळतात, तेच वापरावेत.

ऑगस्ट महिना हाताने गणित करण्यात गेला आणि तो वेळ पुढे पुरेपूर उपयोगी पडला. मूळ तत्त्व मोजक्या ओळींचे आहे. ठरावीक प्रवाह वाहत असलेल्या बायपोलर ट्रान्झिस्टरच्या बेस-एमिटर जोडावरचे व्होल्टेज तापमानाबरोबर उतरते. माझ्या प्रवाहाला ते सामान्य तापमानात ०.७ व्होल्टच्या आसपास होते आणि दर अंशाला साधारण १.७५ मिलिव्होल्टने खाली येत होते. दोन ट्रान्झिस्टरमधून सारखाच प्रवाह सोडला आणि एकाचे क्षेत्रफळ दुसऱ्याच्या आठपट ठेवले, तर त्यांच्या बेस-एमिटर व्होल्टेजमधला फरक मात्र तापमानाबरोबर सरळ रेषेत वाढतो. हा फरक म्हणजे औष्णिक व्होल्टेज गुणिले ८ चा नैसर्गिक लॉगॅरिदम. २७ अंश सेल्सिअसला तो ५३.८ मिलिव्होल्ट भरतो आणि दर अंशाला ०.१७९ मिलिव्होल्टने वाढतो. म्हणजे हा फरक साधारण ९.८ पट करून पहिल्या व्होल्टेजमध्ये मिळवला की चढ आणि उतार एकमेकांना खाऊन टाकतात आणि बेरीज १.२२५ व्होल्टच्या जवळ येते. केवल शून्य तापमानाकडे रेषा वाढवली असता सिलिकॉनच्या ऊर्जापट्ट्यांमधील अंतर १.२ व्होल्टच्या थोडे वर येते, त्याच्याशी ही बेरीज नाते सांगते, म्हणूनच या सर्किटाला बँडगॅप हे नाव आहे. फेअरचाइल्ड या सेमीकंडक्टर कंपनीच्या डेव्हिड हिल्बिबर यांनी १९६४ साली ही कल्पना मांडली आणि रॉबर्ट विडलार यांनी १९७१ च्या शोधनिबंधात ती एकसंध चिपवर आणण्याची रीत दाखवली.

इथवरचे गणित कोणत्याही चांगल्या पाठ्यपुस्तकात सापडते आणि ते एका दुपारी समजते. पुढे जवळजवळ दोन वर्षे मी जे केले, ते १.२२५ हा आकडा कोणकोणत्या कारणांनी चुकेल याचा शोध होता. रेफरन्सचे डिझाइन म्हणजे हाच शोध, असे मी आता वर्गात सांगते.

सर्किटाची बांधणी निवडताना प्रक्रियेने बऱ्याच गोष्टी परस्पर ठरवून टाकल्या. पॉल ब्रोकॉ यांची १९७४ ची रचना शिकवायला अतिशय देखणी आहे, पण तिला कलेक्टर मोकळे असलेले एनपीएन ट्रान्झिस्टर लागतात. साध्या सीमॉसमध्ये हुकमी मिळणाऱ्या पीएनपीचा कलेक्टर म्हणजे चिपची तळजमीनच असते आणि तो ग्राउंडलाच जोडलेला राहतो. म्हणून मी कारेल कायक यांच्या १९७३ च्या रचनेकडे वळले. तीत वरच्या एकाच बिंदूपासून दोन समान रेझिस्टर खाली येतात, एकाखाली लहान ट्रान्झिस्टर असतो, दुसऱ्याखाली आणखी एक छोटा रेझिस्टर आणि आठपट मोठा ट्रान्झिस्टर असतो, आणि एक ऑपअँप, म्हणजे दोन इनपुटमधला फरक मोठा करणारा ॲम्प्लिफायर, दोन्ही शाखांचे मधले बिंदू समान व्होल्टेजवर धरून ठेवतो. प्रवाहाची नक्कल करणारे मॉस आरसे या रचनेत लागत नाहीत आणि त्यामुळे त्यांच्यातील तफावतही येत नाही. प्रत्येक शाखेत ५ मायक्रोअँपिअर प्रवाह धरला. त्यावरून छोटा रेझिस्टर १०.७ किलोओहम ठरला, मोठे दोन प्रत्येकी ९८ किलोओहमच्या आसपास आले आणि उरलेला थोडा रोध दोन्ही शाखांना सामाईक असा वर ठेवला. त्याचे कारण पुढे येईल.

पुरवठा व्होल्टेज ठरवायला मात्र वेळ लागला. पीडीकेतील मुख्य ट्रान्झिस्टर १.८ व्होल्टचे आहेत आणि पहिला मोह तेच वापरण्याचा होतो. पण ऑपअँपच्या दोन्ही इनपुटवर बेस-एमिटर व्होल्टेज येते आणि ते उणे ४० अंशाला ०.८ व्होल्टच्या वर, तर १२५ अंशाला ०.५ च्या आसपास असते. सीमॉसमधील दोन प्रकारच्या ट्रान्झिस्टरांपैकी पीमॉस इनपुटला घेतले तर थंडीत वर जागा उरत नाही आणि एनमॉस घेतले तर उष्णतेत खाली जागा उरत नाही. या कात्रीतून निघण्याच्या युक्त्या आहेत. पहिल्याच चिपवर त्या करण्यापेक्षा ५ व्होल्टपर्यंत चालणारे जाड ऑक्साइडचे ट्रान्झिस्टर घेऊन ३.३ व्होल्टवर काम करावे असे मी ठरवले. पहिल्यांदा उतरणाऱ्यांना माझा हाच सल्ला राहील. जागा थोडी जास्त जाते, पण मन निवांत राहते.

सप्टेंबरमध्ये आदर्श ऑपअँप धरून केलेल्या सिम्युलेशनमध्ये घुमटासारखी वक्ररेषा दिसली. उणे ४० ते १२५ अंशांत कमाल आणि किमान यांत तीनेक मिलिव्होल्टचा फरक होता, म्हणजे दर अंशाला दशलक्षात सुमारे १५ भाग. हा बाक राहणारच, कारण बेस-एमिटर व्होल्टेज अगदी सरळ रेषेत उतरत नाही. खरा ऑपअँप घातल्यावर त्याच्या ऑफसेटचा प्रश्न समोर आला. दोन इनपुट ट्रान्झिस्टर कितीही सारखे काढले तरी सिलिकॉनवर ते किंचित वेगळे उतरतात, आणि हा १ मिलिव्होल्टचा फरकसुद्धा ५३.८ मिलिव्होल्टमध्ये मिसळून त्याच्याबरोबरच दहा-अकरा पट होतो. म्हणजे १ मिलिव्होल्ट ऑफसेटमागे रेफरन्स जवळजवळ एका टक्क्याने हलतो. एनजीस्पाइसमध्ये तफावतीची मॉडेल्स असलेला टीटी-एमएम विभाग जोडून मॉन्टे कार्लो सिम्युलेशन (यादृच्छिक तफावती घालून पुन्हा पुन्हा केलेले) रात्रभर लावून ठेवत असे. पहिल्या ऑपअँपच्या ऑफसेटचे प्रमाण विचलन २ मिलिव्होल्टच्या थोडे वर आले, आणि ते आकडे पाहून मला फार निराश वाटले होते. मार्सेल पेलग्रोम यांनी १९८९ साली मांडलेला नियम इथे धीर देतो. तफावत क्षेत्रफळाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात घटते. इनपुट जोडी आणि तिच्या लोडचे ट्रान्झिस्टर चौपट मोठे केल्यावर ऑफसेट निम्मा झाला. आणखी निम्मा करायचा तर पुन्हा चौपट जागा हवी, आणि माझ्या वाट्याला एकूण जागा १६० मायक्रॉन रुंद आणि सव्वादोनशे मायक्रॉन उंच एवढीच होती. घड्याळाच्या ठोक्यावर इनपुट उलटसुलट करून ऑफसेट घालवण्याची चॉपिंग पद्धत मला माहीत होती, परंतु तिच्यासाठी घड्याळ लागते, गाळणी लागते आणि आउटपुटवर तरंग येतो. म्हणून मी ट्रिमची, म्हणजे चिप हातात आल्यावर आउटपुट थोडे सरकवून नेमके करण्याची, सोय केली. वरच्या सामाईक रेझिस्टरचे ५०० ओहमचे तुकडे केले. त्यातून १० मायक्रोअँपिअर वाहत असल्याने प्रत्येक तुकड्यावर ५ मिलिव्होल्ट पडतात. चार बिटांच्या संकेताने सोळांपैकी कोणत्या टप्प्यावरून आउटपुट घ्यायचे ते निवडता येते. निवड करणाऱ्या स्विचमधून स्थिर प्रवाह वाहत नाही, त्यामुळे त्याचा स्वतःचा रोध हिशेबात येत नाही. टप्पा बदलला की तापमानाबरोबर वाढणारा भागच कमी-जास्त होतो. ट्रान्झिस्टर आणि रेझिस्टरच्या उत्पादनातील फरकांमुळे येणारी चूक बहुतांशी याच स्वरूपाची असते, म्हणून एकाच तापमानाला केलेला ट्रिम तिला सर्व तापमानांना पुरतो. ऑफसेटमुळे आलेल्या चुकीला मात्र तो पूर्णपणे पुरत नाही, आणि मोजमापात ते पुढे दिसलेच.

ऑक्टोबर आणि नोव्हेंबर हे दोन महिने स्टार्टअप सर्किटने, म्हणजे पुरवठा येताच रेफरन्सला चालू अवस्थेत ढकलणाऱ्या भागाने, घेतले. या विषयावर मला सर्वांत जास्त लिहावेसे वाटते, कारण बहुतेक ठिकाणी तो एका परिच्छेदात उरकलेला असतो. बँडगॅप सर्किटाला प्रवाह शून्य असलेली आणखी एक स्थिर अवस्था असते, एवढे सगळेच सांगतात. कायक यांच्या रचनेत ती अवस्था एकच नसते, तो एक सलग पट्टा असतो. आउटपुट ०.५ व्होल्टच्या खाली असेल तर ट्रान्झिस्टर जवळजवळ बंद असतात, रेझिस्टरमधून प्रवाह वाहत नाही आणि त्यामुळे ऑपअँपच्या दोन्ही इनपुटवर आउटपुटइतकेच व्होल्टेज असते. दोन्ही इनपुट समान म्हणजे ऑपअँपच्या लेखी सर्व काही ठीक. त्या पट्ट्यात सर्किट वर सरकेल की खाली, हे फक्त ऑफसेटच्या दिशेवर ठरते. म्हणजे ज्या चिपमध्ये ऑफसेट अनुकूल आहे ती आपोआप सुरू होईल आणि तिच्या शेजारची होणार नाही.

हे पाहण्यासाठी मी लूप तोडला, आउटपुटच्या जागी बाहेरचे व्होल्टेज लावून ते ० ते १.५ व्होल्ट सावकाश वाढवले आणि दोन इनपुटमधील फरकाचा आलेख काढला. आलेख कितीतरी अंतर शून्याला चिकटून सरकतो, मग बाजूला जाऊन १.२ च्या पुढे परत येऊन शून्य रेषा छेदतो. यात प्रतिकूल ऑफसेट ५ मिलिव्होल्ट मिसळला की चिकटलेला भाग शून्याच्या चुकीच्या बाजूला जातो. हा एक आलेख प्रत्येकाने स्वतः काढून पाहावा, इतके मी आग्रहाने सांगेन. त्यावरून स्टार्टअपने आउटपुट किमान कोठवर ढकलून द्यायला हवे ते थेट वाचता येते. थंडीत बेस-एमिटर व्होल्टेज मोठे असल्याने ती मर्यादा उणे ४० अंशाला सर्वांत वर असते. माझ्या स्टार्टअपमध्ये एक लांबट, अगदी कमी प्रवाह देणारा ट्रान्झिस्टर आणि आउटपुट पाहून बंद होणारी एक छोटी शाखा आहे. ही शाखा ०.९ व्होल्टच्या आधी बंद होऊ नये आणि १.१ नंतर चालू राहू नये, असे दोन्ही टोकांचे बंधन सर्व कॉर्नरमध्ये, म्हणजे प्रक्रिया, पुरवठा आणि तापमान यांच्या टोकाच्या स्थितींत, पाळणे कठीण गेले. चाचणीत पुरवठा एका मायक्रोसेकंदात चढवून पाहिला, सेकंदभर रेंगाळत चढवून पाहिला, मध्येच खाली आणून पुन्हा वर नेला. नुसते डीसी सिम्युलेशन इथे विश्वासार्ह नाही, कारण गणन करणारी पद्धत बहुधा चांगल्याच अवस्थेवर जाऊन थांबते.

ऑपअँपच्या दोन इनपुटपैकी कोणते कोठे जोडायचे ही बाब छोटी आहे, पण सांगायला हवी. दोन्ही शाखांतून आउटपुट परत येते, एकीतून धन आणि दुसरीतून ऋण फीडबॅक होतो. छोटा रेझिस्टर असलेल्या शाखेतून परत येणारा हिस्सा मोठा असतो, म्हणून ती शाखा ऋण फीडबॅकच्या बाजूला हवी. मध्ये उलटा करणारा पीमॉस असला की चिन्हे पुन्हा बदलतात. ती कागदावर नीट लिहून मगच तारा जोडाव्यात. स्थिरतेसाठी फेज मार्जिन (फीडबॅकचे सर्किट डोलू लागण्यापासून किती दूर आहे याचे माप) सर्व कॉर्नरमध्ये ६० अंशांच्या वर ठेवला आणि त्यावर फार वेळ घालवला नाही.

याच काळात पैशांची बाजू चालू होती. महाविद्यालयाच्या संशोधन निधीसाठी जुलैमध्ये अर्ज केला होता आणि मंजुरी नोव्हेंबर २०२३ मध्ये आली. शटलमधील जागा, ॲनालॉग पिना, पॅकेजिंग व चाचणी बोर्ड धरून खर्च सुमारे १ लाख ४० हजार रुपये होता. खरेदी समितीचा नियम तीन दरपत्रकांचा होता, आणि हे काम त्या तारखांना, त्या प्रक्रियेवर करणारा पुरवठादार एकच होता. अशा वेळी एकमेव पुरवठादार असल्याचे तांत्रिक समर्थनपत्र विभागप्रमुखांच्या सहीने जोडावे लागते. लेखा विभागातील भाऊंनी विचारले, "मॅडम, हे वस्तू म्हणून लावायचं की सेवा म्हणून?" प्रश्न अगदी रास्त होता. सेवा धरली तर परदेशी पैसे पाठवताना आमच्या बँकेला तेव्हा १५सीए फॉर्म आणि सनदी लेखापालांचे १५सीबी प्रमाणपत्र हवे होते, आणि वस्तू धरली तर आयातीची कागदपत्रे पुढे करावी लागणार होती. आमच्या सनदी लेखापालांच्या सल्ल्याने जागेचे शुल्क सेवा म्हणून आणि बोर्ड वस्तू म्हणून असे बिल दोन भागांत मागवले. त्यांचे शुल्क ३,००० रुपये झाले आणि त्या दोन भागांमुळे पुढचे बरेच प्रश्न टळले. अंदाजपत्रक केले तेव्हा डॉलर ८२ रुपयांच्या आसपास होता, पैसे भरताना तो ८३ च्या पुढे गेला होता. बँकेचे शुल्क वेगळे. मंजुरी मागतानाच पाच टक्के जास्तीचे धरावेत.

जानेवारी ते मार्च २०२४ लेआउटचे होते. मॅजिक हे १९८० च्या दशकात बर्कले येथे तयार झालेले साधन आहे. त्याच्या आज्ञा सुरुवातीला परक्या वाटतात, पण तुम्ही काढत असताना ते नियमभंग लगेच दाखवते, याने शिकणाऱ्याला मोठा आधार मिळतो. पीडीकेतील पीएनपी ठरावीक आकारातच मिळतो आणि त्याची आतली रचना बदलायची नसते. मी मोठा, ३.४ मायक्रॉन बाजूचा घेतला. आठास एक हे प्रमाण इतके रूढ का आहे ते लेआउट करताना उमगते. तीन बाय तीनच्या चौकटीत मधला एक आणि भोवतीचे आठ असे बसवले की दोघांचाही मध्य एकाच बिंदूवर येतो आणि चिपवर एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे होत जाणारा बदल दोघांना सारखाच लागतो. चोवीसास एक घेऊन ऑफसेटचा परिणाम आणखी कमी करता आला असता, पण तेवढी जागा उरली नव्हती. भोवती न वापरलेल्या ट्रान्झिस्टरचे कडे ठेवले, आणि कलेक्टरचा प्रवाह थेट तळजमिनीत जात असल्याने ग्राउंडचे संपर्कबिंदू सढळ हाताने दिले.

रेझिस्टर पॉलिसिलिकॉनचे आहेत. त्यांचे प्रत्यक्ष मूल्य एका वेफरपासून दुसऱ्यापर्यंत वीस टक्क्यांपर्यंत हलू शकते, पण एकमेकांशी असलेले प्रमाण फार चांगले टिकते, आणि आपल्याला प्रमाणच हवे असते. त्यासाठी सगळे रेझिस्टर सुमारे दोन किलोओहमच्या एकसारख्या पट्ट्यांतून बांधले, छोट्या रेझिस्टरच्या पट्ट्या मोठ्यांच्या मधोमध विणल्या, दोन्ही टोकांना रिकाम्या पट्ट्या ठेवल्या आणि त्यांच्यावरून एकही धातूची तार नेली नाही. ऑपअँपची इनपुट जोडी चार तुकड्यांत आडवी-तिरपी बसवली. दोन ट्रान्झिस्टरच्या ग्राउंडमध्ये तारेच्या रोधामुळे ०.१ मिलिव्होल्टचा फरक पडला तरी आउटपुटवर त्याचा एक मिलिव्होल्ट होतो, म्हणून ग्राउंडची तार रुंद ठेवली आणि दोन्ही बाजूंना सारखी नेली. मला या कामात जो आनंद मिळाला तो सिम्युलेशनमध्ये मिळाला नव्हता. पडद्यावरचा प्रत्येक आयत काही महिन्यांनी खरोखर सिलिकॉनवर असणार आहे, या जाणिवेने हात आपोआप सावकाश चालतो.

रचना जमा करण्याची अंतिम तारीख एप्रिल २०२४ मधली होती. शेवटच्या आठवड्यात काहीही नवीन जोडायचे नाही, हा नियम आम्ही पाळला. माझ्यासोबत काम करणाऱ्या अंतिम वर्षाच्या दोन विद्यार्थिनींनी लेआउटवरून परजीवी (तारांमुळे आपोआप येणाऱ्या) कपॅसिटन्ससह नेटलिस्ट, म्हणजे जोडण्यांची यादी, काढून सगळी सिम्युलेशन पुन्हा चालवली. नियमांची तपासणी मॅजिक आणि केलेआउट या दोन्हींत करावी, कारण एकात सुटलेली गोष्ट दुसऱ्यात सापडते. पिनांची नावे आणि जागा शटलच्या साच्याशी अक्षरशः जुळतात का हेही पाहावे. फाइल स्वीकारल्याचा संदेश आला तेव्हा विभागातले शिपाई मामासुद्धा संगणकाभोवती उभे होते.

पुढचे महिने वाट पाहण्याचे. या काळात चाचणीची तयारी पूर्ण करून ठेवावी. मी बोर्डची रचना केली, ट्रिमचे संकेत देणारा छोटा मायक्रोकंट्रोलर निवडला, आणि मुख्य म्हणजे मीटर शोधला. आमच्या प्रयोगशाळेतील साडेतीन अंकी मीटरची अचूकता अर्धा टक्का, म्हणजे १.२ व्होल्टला ६ मिलिव्होल्ट. ट्रिमचा एक टप्पाच ५ मिलिव्होल्टचा असताना तो उपयोगाचा नव्हता. दुसऱ्या विभागात साडेसहा अंकी मीटर होता. त्याचे एनएबीएल-मान्य प्रयोगशाळेचे कॅलिब्रेशन संपलेले होते, ते विभागाच्या खर्चाने करून घेतले. देशाचे व्होल्टचे मानक दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत जोसेफसन परिणामावर सांभाळले जाते आणि या प्रमाणपत्रांची साखळी तिथवर पोहोचते. रेफरन्स मोजणाऱ्याला ही साखळी माहीत असावी.

चिप्स जानेवारी २०२५ मध्ये मुंबईच्या विमानतळावर आल्या आणि तिथे थांबल्या. कुरिअरने संस्थेच्या नावाने केवायसी मागितले. पॅन, प्राधिकारपत्र आणि आयात-निर्यातीचा आयईसी क्रमांक द्यायचा होता. क्रमांक होता, पण तो दरवर्षी एप्रिल ते जून या काळात डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) पोर्टलवर अद्ययावत करावा लागतो, काही बदल नसला तरीही. तसे न केल्यास तो निष्क्रिय होतो, आणि आमचा झाला होता. अद्ययावत केल्यावर तो पुन्हा सुरू झाला. मधल्या दिवसांचे गोदामभाडे लागले आणि पार्सलवर १८ टक्के आयजीएसटी भरला. पार्सल निघण्याआधीच आपला क्रमांक पोर्टलवर सक्रिय दिसतो का ते पाहावे, त्याला पाच मिनिटे लागतात.

फेब्रुवारीत पहिली चिप बोर्डवर बसवली. सोल्डरिंगच्या उष्णतेने पॅकेजमध्ये ताण येतो आणि बँडगॅपचे व्होल्टेज त्या ताणाने किंचित सरकते, म्हणून एक दिवस थांबून मोजले. मीटरवर १.२३१ व्होल्ट दिसले. सहा महिने शिकलेले आणि त्यानंतर कित्येक महिने वाट पाहिलेले ते सारे त्या चार अंकांत होते, आणि मला काही क्षण बोलता आले नाही. विद्यार्थिनींपैकी एक म्हणाली, "मॅडम, पुरवठा बंद करून परत चालू करून बघू या?" तिने स्टार्टअपचेच बरोबर ओळखले होते. बंद-चालू कितीही वेळा केले तरी आउटपुट त्याच जागी येत होते. इथे एक व्यावहारिक सूचना आहे. ट्रिमच्या स्विचचा रोध काही किलोओहम असतो, त्यामुळे १ मेगाओहमच्या ऑसिलोस्कोप प्रोबने मोजल्यास आउटपुट काही मिलिव्होल्ट कमी दिसते. मीटर १० गिगाओहमपेक्षा जास्त रोधाच्या श्रेणीवर ठेवावा आणि स्कोप फक्त आकार पाहायला वापरावा.

बारा चिप्सची ट्रिमआधीची मूल्ये १.२०३ ते १.२५१ व्होल्ट या दरम्यान पसरली. सिम्युलेशनने सांगितलेल्या पसाऱ्याशी ती जुळत होती. सरासरी ४ मिलिव्होल्ट वर होती आणि त्यात पॅकेजच्या ताणाचाही वाटा असावा. ट्रिम केल्यावर सगळ्या १.२२५ च्या अलीकडे-पलीकडे ३ मिलिव्होल्टच्या आत आल्या.

तापमानाची कसोटी मात्र सोलापुरात शक्य नव्हती. मे महिन्यात आमची प्रयोगशाळाच ३८ अंशांवर असते आणि थंड बाजू तपासायला साधन नाही. पुण्यातील एका खासगी चाचणी केंद्राचा थर्मल चेंबर ताशी ६०० रुपये अधिक जीएसटी या दराने मिळाला. पहाटेच्या हुतात्मा एक्सप्रेसने निघून दिवसभर मोजून रात्री परत, असे जूनपर्यंत चालले. चेंबरच्या दारावरचे तापमान आणि पॅकेजचे तापमान यांत दोन-तीन अंशांचा फरक असतो, म्हणून पॅकेजला चिकटवलेला स्वतःचा सेन्सर वापरावा. प्रत्येक टप्प्यावर किमान वीस मिनिटे थांबावे. उणे २० वरून थेट दार उघडू नये, बोर्डवर दव पडते आणि गळतीचा प्रवाह मोजमाप बिघडवतो. आधी ४० अंशांपर्यंत वर आणावे. हे सारे धरून एका फेरीला पूर्ण दिवस लागतो, म्हणून एकाच बोर्डवर चार चिप्स बसवून रिलेने आळीपाळीने मोजल्या आणि भाड्यात मोठी बचत झाली.

उणे २० ते १०० अंशांत ट्रिम केलेल्या चिप्सचा तापमान-गुणांक दर अंशाला दशलक्षात २२ ते ४८ भाग असा आला. सिम्युलेशनमधील १५ पेक्षा तो जास्त आहे, आणि ज्या चिप्सना ट्रिमचे जास्त टप्पे हलवावे लागले होते त्यांचाच तो मोठा आहे. ऑफसेटची चूक एका तापमानाला झाकली की दुसऱ्या तापमानाला ती थोडी उघडी पडते. उणे २० ला पुरवठा सेकंदभर रेंगाळत चढवूनही प्रत्येक चिप सुरू झाली. माझ्या लेखी या सबंध कामातला सर्वांत समाधानाचा निकाल तोच आहे, गुणांकाचा आकडा त्याच्या नंतर येतो.

निधीचे उपयोगिता प्रमाणपत्र जूनअखेर दिले. त्याला परदेशी बिलांच्या मूळ प्रती, बँकेची पाठवणी-पावती, बिल ऑफ एंट्री आणि चेंबरच्या जीएसटी पावत्या जोडाव्या लागल्या. शेवटची दोन कागदपत्रे कुरिअर कंपनी आणि चाचणी केंद्र यांच्याकडून त्याच दिवशी मागून घ्यावीत, नंतर मिळायला वेळ लागतो. दुसऱ्या चिपच्या अर्जात आता चॉपिंगचा ऑपअँप आणि चोवीसास एक प्रमाणाची चौकट आहे. सर्किट, लेआउट आणि बारा चिप्सची मोजमापे विभागाच्या सामाईक संगणकावर ठेवली आहेत, म्हणजे पुढच्या तुकडीला स्टार्टअपचा तो आलेख आमच्या फाइलवरून पहिल्याच आठवड्यात काढता येईल.